गेवराईचा ख्रिस्ती माणूस नेमका कोणत्या चर्चचा? सहा चर्च एक झाली त्याची गोष्ट, आणि जे एक झालं नाही त्याचीही

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी नगर-सोलापूरच्या कारखान्यांवर, कुणी थेट कर्नाटकात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे २५ डिसेंबर हा फडावरच येतो. आता अशा टोळीत एखादा ख्रिस्ती 'कोयता' असेल (ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात), तर नाताळच्या सकाळी ती दोघं जवळच्या गावातल्या चर्चमध्ये जाणार. तिथे त्यांना कुणी ओळखत नाही. मग तिथला पाळक त्यांना प्रभुभोजन देईल का?

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी. बाहेरून पाहणाऱ्याला तो साधा वाटतो. पण 'आपण सगळे एक' असं म्हणणाऱ्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीची खरी परीक्षा तिथेच होते. कारण कुणाला वाढायचं आणि कुणाला नाही, हे ठरवावं लागतं.

शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर 'तुम्ही कोणत्या मिशनचे?' यावर अवलंबून होतं. अँग्लिकन चर्चचा नियम तर असा होता, की बिशपच्या हातून ज्याचं दृढीकरण झालं आहे त्यालाच प्रभुभोजन. आज महाराष्ट्रातल्या बऱ्याच चर्चमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही. हा बदल घडायला साधारण पन्नास वर्षं लागली आणि तो पूर्ण झाला नागपुरात.

मुळात इतकी चर्च आली कुठून?

युरोपात सोळाव्या शतकात रोमन कॅथलिक चर्चमधून प्रोटेस्टंट बाहेर पडले आणि पुढे त्यांच्यातही फुटी पडत गेल्या. बिशप हवा की नको, लहान मुलांना बाप्तिस्मा द्यायचा की माणूस मोठा झाल्यावर, मंडळीचा कारभार कुणी पाहायचा, असे वाद. हे सगळं भांडण इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी आणि पुढे अमेरिकेतलं. मराठी माणसाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

तरीही ते इथे आलं, आणि आलं ते जिल्हावार. एकोणिसाव्या शतकात आलेल्या मिशनांनी आपसात क्षेत्रं वाटून घेतली. एका मिशनने काम सुरू केलं तिथे दुसऱ्याने जायचं नाही, असा तो समझोता. त्याला 'कॉमिटी' म्हणत. हेतू चांगला होता, एकाच गावात दोन मिशनऱ्यांनी भांडू नये. परिणाम मात्र गमतीचा झाला. माणसाचा पंथ त्याच्या विचारावर ठरण्याऐवजी तो कोणत्या तालुक्यात जन्मला यावर ठरू लागला.

गेवराईला मध्यभागी ठेवून नकाशा पाहा. पश्चिमेला अहमदनगर (आताचं अहिल्यानगर). तिथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल पंथ. त्यांच्यात बिशप नाही, स्थानिक मंडळीच सर्वोच्च. सोलापूरकडेही तेच मिशन. शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडून अंबडमार्गे जालन्याला गेलं की फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड, म्हणजे प्रेस्बिटेरियन. इथे कारभार 'वडीलजनां'च्या सभेकडे. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे अँग्लिकन, बिशपवाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथलं काम रतनजी नौरोजी या पारशी कुटुंबातून आलेल्या पाळकाने उभं केलं. ऊसतोडीच्या वाटेवरचं कोल्हापूर १८७० पासून अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्याच मिशनचं. विदर्भात अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, डहाणूकडे ब्रदरन.

आणि हा समझोता सगळ्यांनी पाळलाही नाही. नगरमध्ये अमेरिकन मिशन आधीपासून असताना १८७० च्या दशकात अँग्लिकनांचं एसपीजी मिशन तिथे उतरलं. एकाच जिल्ह्यात दोन दुकानं झाली, आणि काही माणसं एका मंडळीतून उठून दुसरीत गेली. कॅथलिक चर्च तर या समझोत्यात कधी नव्हतंच.

नदीपलीकडचा माणूस

जालन्याची कथा थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती गेवराईच्या अगदी शेजारची आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातले. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे पाळक झाले आणि १८६० च्या दशकात जालन्याला आले. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गेवराईसुद्धा. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाचं गाव वसवलं. तिथे आलेली कुटुंबं प्रामुख्याने मातंग समाजातली होती. गावात ज्यांना विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं त्यांना स्वतःची विहीर, घर आणि कसायला जमीन मिळाली.

हेच शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कला गेले. तिथे इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद होती. वेगवेगळ्या प्रोटेस्टंट पंथांच्या लोकांनी एकत्र यावं, यासाठीच ही संस्था निघालेली. जालन्याचा हा फेटेवाला पाळक त्या व्यासपीठावर बोलला. म्हणजे पंथभेद मिटवण्याची चर्चा इथल्या माणसाला नंतर कधीतरी कळली असं नाही, तो ती होत असतानाच तिथे हजर होता.

पण बेथेलकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते, जी मिशनच्या अहवालांत कौतुकाने सांगितली जात नसे. जालन्याकडे मंडळी मुख्यतः मातंगांची, नगरकडे अमेरिकन मिशनमध्ये मुख्यतः महार समाजातून आलेल्यांची. क्षेत्रवाटपात नकळत जातही वाटली गेली. मग 'ते प्रेस्बिटेरियन, आम्ही काँग्रिगेशनल' या वाक्याच्या पोटात आणखी एक वाक्य लपू शकत होतं. मिशनांनी सहभोजनाचा आग्रह धरला, शाळेत मुलांना एका पंगतीत बसवलं. तरी लग्न जमवताना 'आधीचे कोण?' हा प्रश्न राहिलाच, आणि तो आजही पूर्ण गेला आहे असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावर नेमकं बोट ठेवलं होतं. धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी भारतीय ख्रिस्ती समाज हा विस्कळीत, एकमेकांशी न जोडलेला समाज असल्याचं म्हटलं. धर्म बदलला तरी जात सोबत येते आणि चर्च तिच्याशी पुरेसं लढत नाही, ही त्यांची तक्रार होती. ख्रिस्ती ऐक्याच्या चर्चेत बिशप-पाळकांची नावं येतात, हे मूल्यमापन फारसं येत नाही. ते यायला हवं.

टिळक वेगळी चूल मांडतात

एकीकरणाचा मराठी विचार सगळ्यात ठळकपणे ज्यांनी मांडला ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'स्मृतिचित्रे'मुळे लक्ष्मीबाई सगळ्यांना माहीत आहेत, हे त्यांचे पती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी नगरला अमेरिकन मिशनमध्ये काम केलं, 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळला, अभंग-भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन रुजवलं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात कोणत्याही पंथाचा माणूस येऊ शकत होता. एवढंच नाही, येशूला गुरू मानणारा पण बाप्तिस्मा न घेतलेला माणूसही चालत होता. मिशनच्या लोकांना हे पचणं कठीण होतं. कारण 'आत कोण आणि बाहेर कोण' याची रेघ मारणारी गोष्टच टिळकांनी दारातून हलवली. दरबार फार वाढला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि ते काम बसलं.

पण त्यांची गाणी राहिली. 'उपासना संगीत' हे मराठी गीतांचं पुस्तक आज वेगवेगळ्या पंथांच्या चर्चमध्ये उघडलं जातं आणि त्यात टिळकांची गाणी भरपूर आहेत. ऐक्याच्या ठरावांवर सह्या व्हायच्या कितीतरी आधी नगरचा आणि नागपूरचा माणूस रविवारी तेच गाणं त्याच चालीत म्हणत होता. ठरावांपेक्षा या गाण्यांनी जास्त काम केलं असावं.

योगायोग असा, की टिळक गेले त्याच्या आठवडाभर आधी, १ आणि २ मे १९१९ रोजी, तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला वेगवेगळ्या प्रोटेस्टंट पंथांचे ३३ जण जमले होते. बहुतेक भारतीय. त्यांनी एक जाहीरनामा काढला. हे भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत, ते आमच्यावर लादले गेले आणि त्यामुळे आम्ही दुबळे झालो, असा त्याचा आशय. त्यात पुढे होते व्ही. एस. अझरिया, अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. त्यांचं दोर्नाकल हे ठिकाणही निजामाच्याच राज्यातलं. त्या जाहीरनाम्यातून निघालेली वाट २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासमध्ये 'चर्च ऑफ साउथ इंडिया'पर्यंत पोहोचली. अझरिया ते पाहायला नव्हते. ते १९४५ च्या पहिल्याच दिवशी वारले.

नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०

उत्तरेत काम सावकाश चाललं. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एकत्र येऊन 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' झालं. म्हणजे नगर, जालना आणि कोल्हापूर एका नावाखाली आले. १९२९ ला लखनौमध्ये मोठ्या एकीकरणाची बोलणी सुरू झाली आणि ती चाळीस वर्षं चालली. चाळीस वर्षं कशाला लागली?

पहिली अडचण बाप्तिस्म्याची. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन लहान बाळाला बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स म्हणतात, बाळाला काय कळतं? माणूस मोठा होऊन स्वतः विश्वास कबूल करेल तेव्हाच. दोन्ही बाजू बायबलचाच आधार देणार. तोडगा असा निघाला, की दोन्ही पद्धती चालतील. आईवडिलांनी ठरवावं. बाळाचा बाप्तिस्मा करणं एखाद्या पाळकाच्या मनाला पटत नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही, दुसरा पाळक येईल. मात्र एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नाही. कागदावर हे सोपं दिसतं. पण लहानपणी बाप्तिस्मा झालेला एखादा तरुण पुढे 'मला पाण्यात बुडवून परत घ्यायचा आहे' म्हणाला तर काय, हा पेच तोडग्यातून पूर्ण सुटला नाही. स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्यांकडे जी तरुण मुलं जातात, त्यांच्यातल्या अनेकांचा प्रवास नेमका याच प्रश्नापासून सुरू होतो.

दुसरी अडचण पाळकांची. अँग्लिकन म्हणत, ज्याच्या डोक्यावर बिशपने हात ठेवून दीक्षा दिली तोच खरा पाळक. मग तीस वर्षं सेवा केलेल्या काँग्रिगेशनल पाळकाला आता 'तुमची दीक्षा अपुरी' असं सांगायचं? तो अपमान झाला असता. दक्षिणेत यावर उपाय म्हणून काळ जाऊ दिला होता. जुने पाळक जसे आहेत तसे राहतील आणि नव्यांना बिशपच्या हातून दीक्षा मिळेल. उत्तरेने दुसरा मार्ग घेतला. पहिल्याच दिवशी सगळ्या पंथांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. बिशपने पाळकाच्या आणि बिशप नसलेल्या पंथाच्या पाळकाने बिशपच्याही. त्या विधीतून कुणाला काय मिळालं, कुणाचं काय कमी होतं, हे प्रार्थनेत मुद्दाम स्पष्ट केलं नाही. ज्याला जे हवं ते देवाने द्यावं, एवढंच. कुणी याला पळवाट म्हणेल. पण चार दशकं अडलेली गाठ याच शहाणपणाने सुटली. आधी कोण चुकत होतं, हे ठरवायचंच नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

२९ नोव्हेंबर १९७० ला रविवार होता. नाताळाच्या तयारीचा जो काळ चर्च पाळतं, त्या आगमनकाळाचा पहिला रविवार. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे सीएनआय, स्थापन झालं. त्यात आलेली सहा चर्च अशी: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, उत्तर भारतातले बाप्टिस्ट, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट.

सातवं नाव गळालं. अमेरिकन परंपरेचं मेथडिस्ट चर्च इतकी वर्षं बोलण्यांत होतं, आराखडा तयार करण्यात सहभागी होतं. पण ऑगस्ट १९७० मध्ये, सोहळ्याला जेमतेम तीन-चार महिने उरले असताना, त्यांच्या परिषदेने विरोधात मत दिलं. १९८१ ला ते 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' म्हणून स्वतंत्र उभं राहिलं. विदर्भातल्या अलायन्स आणि फ्री मेथडिस्ट मंडळ्याही बाहेरच राहिल्या.

आज महाराष्ट्रात सीएनआयचे मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि मराठवाडा असे धर्मप्रांत आहेत. गेवराई मराठवाड्याच्या हद्दीत येते. त्यामुळे सुरुवातीच्या त्या कोयत्याचं उत्तर असं: दोघं सीएनआयची असतील आणि कारखान्याजवळचं चर्च कोल्हापूर धर्मप्रांतातलं असेल, तर ते त्यांचंच चर्च आहे. आपल्या पाळकाचं पत्र सोबत असलं तर उत्तम. दक्षिण भारतातलं सीएसआय आणि केरळचं मार थोमा चर्च यांच्याशीही सीएनआयची १९७८ पासून संयुक्त परिषद आहे. तिन्ही चर्च एकमेकांचा बाप्तिस्मा, पाळक आणि प्रभुभोजन मान्य करतात.

मग सातबाऱ्याचं काय?

प्रार्थना एक झाली, जमीन झाली नाही. मिशनांनी शंभर-दीडशे वर्षांत शाळा, दवाखाने, वसतिगृहं, बंगले, दफनभूमी अशी मालमत्ता उभी केली. ती वेगवेगळ्या ट्रस्टांच्या नावावर होती. १९७० ला चर्च विलीन झालं म्हणजे ट्रस्टही आपोआप विलीन झाले, असं अनेकांनी गृहीत धरलं.

सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०१३ च्या निकालात हे गृहीतक मोडलं. प्रकरण गुजरातमधल्या ब्रदरन मंडळ्यांचं. ब्रदरन चर्चने सीएनआयमध्ये जाण्याचा ठराव केला होता, पण काही सदस्यांना तो मान्य नव्हता आणि त्यांनी आपलं जुनं चर्च चालूच ठेवलं. न्यायालयाने म्हटलं, ठराव हा इच्छा दाखवतो. त्याने नोंदणीकृत ट्रस्ट संपत नाही. ट्रस्ट विलीन करायचा तर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० मध्ये दिलेली पद्धत पाळावी लागते, आणि ती पाळली गेली नव्हती. सीएनआयच्या बाजूचं अपील फेटाळलं गेलं.

हा कायदा मूळ मुंबई राज्याचा, त्यामुळे महाराष्ट्रातही तोच लागू. इथल्या शहरांत मिशनच्या जुन्या जागा आता भर वस्तीत आल्या आहेत. अशा जागेला भाव आला की 'आम्ही मूळचे' आणि 'तुम्ही सीएनआयचे' हे शब्द पुन्हा बाहेर येतात, जे रविवारच्या उपासनेत कुणी उच्चारत नाही. धर्मादाय आयुक्तांकडचे अर्ज आणि कोर्टाच्या तारखा यांत मंडळीतले लोक आमनेसामने बसतात आणि मग नाताळला एकमेकांना शुभेच्छा देताना अवघडतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या चाळीस वर्षांच्या बोलण्यांत विश्वासाच्या प्रत्येक ओळीवर काथ्याकूट झाला. तेवढाच वेळ ट्रस्टच्या कागदांना दिला असता, तर यातली बरीच प्रकरणं उभीच राहिली नसती.

लग्नाचा कायदा अजून १८७२ मध्येच

ख्रिस्ती लग्नं आजही 'इंडियन ख्रिश्चन मॅरेज ॲक्ट, १८७२' खाली होतात. लग्न कुणी लावावं याची यादी त्यात आहे: बिशपकडून दीक्षा मिळालेला पाळक, स्कॉटलंडच्या चर्चचा पाळक, सरकारी परवाना असलेला धर्मसेवक, मॅरेज रजिस्ट्रार वगैरे. म्हणजे नागपुरात जो भेद मिटवला, तो कायद्याच्या पुस्तकात तसाच छापलेला आहे. सीएनआयच्या पाळकाला अडचण येत नाही, त्याला बिशपची दीक्षा असते. अडचण येते ती छोट्या स्वतंत्र मंडळ्यांना. त्यांच्या पाळकाकडे परवाना नसेल तर त्याने लावलेल्या लग्नाच्या दाखल्यावर पुढे पासपोर्टला, वारसाहक्काला प्रश्न उभे राहतात. अशा वेळी ते जोडपं शेजारच्या सीएनआयच्या, मेथडिस्ट किंवा कॅथलिक चर्चचं दार वाजवतं. तिथे 'तुम्ही आमचे सदस्य नाही' असं उत्तर मिळतं की 'या, बसा, बोलू', हे त्या पाळकावर असतं.

कॅथलिकांशी नातं वेगळ्या गतीने सुधारलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ ला ऐक्याविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि इतर ख्रिस्ती लोकांकडे पाहण्याची भाषा बदलली. प्रभुभोजन आजही एक नाही. पण दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा दोघंही पाळतात. वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' प्रोटेस्टंट घरांतही वाचलं जातं. २०२० च्या जानेवारीत ते उस्मानाबादला (आताचं धाराशिव), म्हणजे मराठवाड्यातच, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'ख्रिस्ती धर्मगुरू कशाला?' असा विरोध झाला तेव्हा त्यांचा पंथ कुणी विचारला नाही. विरोध करणाऱ्यांना ते फक्त ख्रिस्ती होते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी. त्यातही मुंबई, ठाणे, वसई, पुणे वजा केलं तर मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात उरतात ती मोजकी घरं. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या सवलती मिळत नाहीत, म्हणून प्रार्थनेला येणारे सगळे कागदावर ख्रिस्ती असतीलच असं नाही. इतक्या थोड्या लोकांत कुणाच्या घरी मयत झाली, तर खांदा द्यायला येणाऱ्यांत सीएनआयचे, कॅथलिक, 'हालेलुया'वाले आणि शेजारचे हिंदू-मुसलमान असे सगळे असतात. पाळक कुणाचा बोलवायचा, हे घरातली मोठी माणसं ठरवतात. गाणं 'उपासना संगीत'मधलं निघतं, कारण ते सगळ्यांना पाठ असतं.